अंबरकाकांची हिरवी चूक

चौतीस वर्षं नाट्यगृहात दिवे लावणाऱ्या माणसाला उजेडातलं सगळं कळतं, असा अंबरकाकांचा समज होता आणि तो खोडून काढायची कुणाची छाती नव्हती. काकांचं खरं नाव हजेरीपुस्तकात असेल. बाकी सगळ्यांनी त्यांना अंबरकाका करून टाकलं होतं, कारण दिव्यापुढे लावायच्या रंगीत कागदांपैकी अंबर, म्हणजे मधाच्या रंगाचा कागद, त्यांचा भारी लाडका. नटीच्या डोळ्यांखाली वर्तुळं असोत की नटाला दोन दिवसांचा ताप असो, काका वरून चार थेंब अंबर सोडत आणि माणूस नुकताच सुट्टीवरून आल्यासारखा दिसायला लागे. साठी ओलांडलेले नायक त्यांच्या दिव्याखाली पंचेचाळिशीचे होत आणि त्याबद्दल काकांच्या पाया पडायचेच तेवढे बाकी ठेवत.

या धंद्यानं काकांना एक खोड लावली होती. समोर कुणीही आलं की आधी मनात त्याच्यावर दिवा सोडायचा. दूधवाल्याला फिकट निळा. खालच्या मजल्यावरच्या वकिलांना बाजूनं पांढरा, म्हणजे नाक नीट दिसेल. ज्या मोठ्या बहिणीबरोबर काका राहत, त्या ताईला मात्र त्यांनी कधीच रंग दिला नव्हता. ताईनं तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं आणि तिच्यावर दिवा टाकला असता तर तिनं आधी वायरिंग तपासलं असतं. काकांचं लग्न झालं नव्हतं. संध्याकाळी सगळं जग एकमेकांना भेटायला निघतं तेव्हा हे शिडीवर चढत, त्याला ते तरी काय करणार.

तर असे हे काका चोपन्नाव्या वर्षी एका बुधवारी दुपारी शिडीच्या टोकावर उभे राहून एका दिव्याचा बोल्ट आवळत होते. नवीन नाटकाचा सगळा खेळ एका बागेत घडत होता आणि दिग्दर्शकानं हट्ट धरला होता की झाडं खरीच पाहिजेत. म्हणून शहराबाहेरच्या रोपवाटिकेतून चाळीस कुंड्या यायच्या होत्या. त्या आल्या. पहिली कुंडी कमरेवर घेऊन रोपवाटिकेची मालकीणच रंगमंचावर आली आणि बरोबर मधोमध उभी राहिली.

तेव्हा तिथं नुसती झाडलोटीची ट्यूबलाइट लागली होती. तिच्याखाली भलेभले देखणे लोक कावीळ झाल्यासारखे दिसतात, हे काका शपथेवर सांगत. बाई पन्नाशीच्या, कोपरापर्यंत माती, केसांत एक वाळकं पान. काकांनी सवयीप्रमाणे मनातल्या मनात दिवा शोधायला घेतला आणि त्यांना एकही सापडेना. त्या भानगडीत हातातला पाना सुटला आणि बाईंच्या पुढ्यात दोन हातांवर दाणकन आदळला.

बाईंनी आधी पान्याकडे पाहिलं, मग वर. "अहो लाइटवाले," त्या म्हणाल्या, "झाडांना लोखंड लागतं, पण एवढं नाही."

काकांना आभाळ ठेंगणं झालं. एक तर चौतीस वर्षांत त्यांना काका न म्हणणारं माणूस पहिल्यांदा भेटलं होतं. त्यात उतरायला लागले तर त्यांना शिडीच्या पायऱ्या मोजता येईनात. बाईंनी कुंड्या मांडल्या, नेच्याची झाडं मागे, मनीप्लांट कठड्यावर, जास्वंदी पुढे, आणि जाताना सांगून गेल्या की दर बुधवारी येऊन पाणी, छाटणी बघीन. नाटकाचे चाळीस प्रयोग ठरले होते. काकांनी लगेच बोटांवर हिशेब केला आणि बुधवार किती ते काढलं.

पुढच्या बुधवारची वाट बघताना काकांच्या डोक्यात एक कल्पना आली, आणि तीच सगळ्या घोटाळ्याचं मूळ. झाडं दिवसभर अंधाऱ्या रंगमंचावर कशी राहायची? त्यांना उजेड द्यायला पाहिजे. दोन वर्षांपूर्वी थिएटरला नवे एलईडी दिवे आले होते. खटका फिरवला की लाल, हिरवा, निळा, हवा तो रंग. आता झाडाला कुठला रंग आवडणार? झाडाचा स्वतःचा रंग कुठला? चौतीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसानं हिरवा लावला. सकाळी दहाला येऊन सगळे दिवे हिरवे, पूर्ण जोरात, ते पार प्रयोगाच्या तयारीपर्यंत. आणि पानं अशी काही झळकली म्हणता, नुसती पाचूची. काका पहिल्या रांगेत बसून ती शोभा बघत आणि आपण कुणाच्या तरी मुलांना फार नीट सांभाळतो आहोत असं वाटून त्यांचा ऊर भरून येई.

त्यात झाडं वाढायलाही लागली. काकांनी कपडेपटातल्या बाईंकडून टेप आणली आणि मोजलं. आठवड्यात मनीप्लांटची वेल चार बोटं लांब झाली होती. दुसऱ्या बुधवारी बाई घाईत आल्या. रंगमंचावर हिरवा उजेड होताच. त्यात सगळं हिरवंगार दिसत होतं. काकांनी हातातली टेप दाखवत वाढ सांगितली. बाई म्हणाल्या, अरे वा, आणि पाणी घालून निघून गेल्या. त्या दोन शब्दांवर काकांनी आठवडा काढला. घरी भाजीत मीठ दोनदा पडलं. बुधवारच्या शर्टाला इस्त्री झालेली ताईनं पाहिली होती. तिनं विचारलं काही नाही, नुसता चष्मा पुसला.

तिसऱ्या बुधवारी थिएटरात सुतार आले होते आणि त्यांच्यासाठी ती मेली ट्यूबलाइट लावलेली होती. बाई आल्या, कठड्यापाशी थांबल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला. मग काकांनीही झाडांकडे पाहिलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा पांढऱ्या उजेडात पाहिलं. पाचू गेला कुठे कोण जाणे. पानं फिकट, पिवळसर. जास्वंदीच्या काड्या उंच, बारीक, एकीकडे झुकलेल्या. नेचे पंख पडल्यासारखे. हिरव्या उजेडात पिवळं पानसुद्धा हिरवं दिसतं, हे चौतीस वर्षांच्या अनुभवाला सुचलं नव्हतं.

काकांनी चाचरत सांगितलं की वाढ तर चांगली आहे, जास्वंद वीतभर उंच झाली. बाईंनी एक काडी दोन बोटांत धरली, ती रबरासारखी वाकली.

"ही वाढ नाही," त्या म्हणाल्या. "ही शोधाशोध आहे. उपाशी झाड उजेड शोधत लांबत जातं."

त्यांचा आवाज चढला नव्हता आणि तेच जास्त वाईट होतं. ही तुकडी त्या परत नेणार होत्या, बरी करायला. शुक्रवारी नवी देतील, मधल्या बुधवारी पाणी काकांनीच घालायचं, पण बारा दिवसांनी त्या येतील तेव्हा तीही अशीच दिसली तर दिग्दर्शकाला सांगून प्लास्टिकची झाडं मागवा, त्यांना पाणी लागत नाही आणि बुधवारी कुणाला यावंही लागत नाही. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. प्लास्टिकच्या झाडाला अंबर टाकला काय आणि चुना लावला काय, बुधवार गेला तो गेलाच.

घरी जाऊन त्यांनी ताईला सगळं सांगितलं, म्हणजे झाडांचं तेवढं. बाकीचं ताईनं स्वतः जोडून घेतलं. ती खिडकीतल्या कुंडीतलं एक पान तोडून घेऊन आली आणि तिनं ते काकांच्या नाकासमोर धरलं.

"हे हिरवं का दिसतं?"

"हिरवं आहे म्हणून."

"शाळेत असतास तर बाकावर उभा केला असता. याच्यावर पांढरा उजेड पडतोय. त्यात सगळे रंग आहेत. तुझ्या डोळ्यांपर्यंत आला कुठला?"

"हिरवा."

"म्हणजे पानानं परत पाठवला तो. आणि ठेवून घेतले कुठले?"

दिव्यापुढचा लाल कागद लाल सोडून बाकीचे रंग अडवतो, हे काकांना झोपेतही सांगता आलं असतं. पण पान हाही तसाच एक कागद आहे, हे कुणाच्या मनात येतंय.

"पाहुण्यानं ताटात जे टाकलं," ताई म्हणाली, "तेच त्याला आवडतं असं समजून तू दोन आठवडे तेच वाढत बसलास."

मग तिनं नीट समजावलं. पान उजेड खातं म्हणायचं ते उगीच नाही. उजेडाच्या जोरावर ते हवेतून आणि पाण्यातून साखर करतं, ती त्याची भाकरी. हिरवा उजेड ते अगदीच घेत नाही असं नाही, बराच घेतंही, पण लाल आणि निळा त्याला सगळ्यात सहज पचतात. लाल म्हणजे पोटभर, निळ्यानं अंगात ताठपणा येतो. नुसत्या हिरव्यात झाडाला वाटतं की आपण कुणाच्या तरी सावलीत अडकलोय, आणि ते बाहेर पडायला मान लांब करतं. काका ऐकत होते आणि त्यांना आपली मान लांब झाल्यासारखी वाटत होती. सांगून झाल्यावर ताईनं पान टेबलावर ठेवलं आणि सहज विचारलं की त्या बाईंवर तू कुठला रंग टाकलास? काका म्हणाले, अजून ठरत नाही. ताईनं पुन्हा चष्मा पुसला.

शुक्रवारपासून काकांच्या अंगात वारं शिरलं. नव्या कुंड्यांबरोबर बाईंनी त्यांच्या विनंतीवरून घेवड्याची नुकतीच उगवलेली तीन रोपंही दिली होती. देताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या की यांच्यावर प्रयोग करा, माझ्या जास्वंदीवर नको. काकांनी दिव्यांच्या खोलीत काळ्या पडद्याच्या कापडाचे तीन कप्पे केले. एकात लाल दिवा, एकात निळा, एकात हिरवा. रोज सकाळी टेपनं उंची, मग पानाची रुंदी, मग अंगठ्यानं देठ हलवून बघायचं, आणि सगळं वहीत. ज्या वहीत पूर्वी 'नायिका प्रवेश, अंबर हळूहळू वर' असं लिहिलेलं असे तिथं आता 'लालूचं तिसरं पान आलं' अशा नोंदी दिसू लागल्या. हो, रोपांना नावं पडली होती. लालू, निळू आणि बिचारा.

लालू भराभर वाढला, पानं ही मोठी, पण अंगानं जरा ढिला. निळू बुटका, जाड देठाचा, गडद पानांचा, पैलवानासारखा. बिचारा टेपच्या शेवटच्या आकड्याकडे निघाला होता आणि त्याला धड दोन पानं पेलत नव्हती. सहाव्या दिवशी काकांना त्याची दया आली. त्यांनी त्याला लालूच्या कप्प्यात नेऊन ठेवलं आणि निळा दिवाही तिकडेच फिरवला. तीन दिवसांत बिचाऱ्याला नवं पान आलं, घट्ट, गडद. काका ते बघून दिव्यांच्या खोलीत एकटेच टाळ्या वाजवत होते, आणि नायकानं आत डोकावून विचारलं की काका, कोण आलंय?

रंगमंचावर पहिल्या दिवसापासूनच ताईचं ऐकून निम्मा लाल, निम्मा निळा लावला होता. घेवड्यांवरून काकांनी प्रमाण बदललं, लाल जास्त, निळा त्याच्या निम्म्याहून कमी. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. हिरवा फक्त प्रयोगापुरता, दोन तास, कारण दिग्दर्शकाला बाग हिरवीच पाहिजे होती. बाकी दिवसभर रंगमंच जांभळा. या जांभळ्यापायी थिएटरात काय हलकल्लोळ माजला म्हणून सांगू. तालमीला आलेल्यांना संहिता वाचता येईना. कपडेपटातल्या बाईंनी पांढऱ्या साडीला गुलाबी फॉल लावला आणि बाहेर येऊन कपाळावर हात मारला. दिग्दर्शकाला रोज डोकं दुखायला लागलं. काकांनी कुणाचं काही ऐकलं नाही. ज्या माणसानं जन्मभर सगळ्यांना बरं दिसण्यासाठी उजेड दिला, तो आता ज्यांना दिसण्याची पर्वाच नाही त्यांच्या पोटापाण्याची सोय करत होता आणि त्याला भलतंच हलकं वाटत होतं.

एकच गोष्ट बोचत होती. त्या जांभळ्यात झाडं भीषण दिसत. हिरवं परत फेकायला समोर हिरवा उजेडच नाही म्हटल्यावर पानं पार काळीठिक्कर, जळल्यासारखी. हातानं चाचपल्याशिवाय काकांनाही धीर येत नसे.

बाराव्या दिवशी बाई येणार, तेव्हा आपलं झाडांचं काम झाल्यावर मनातलं बोलून टाकायचं, असं काकांनी ठरवलं होतं. पण साध्या उजेडात थोडंच? पहिल्या रांगेतल्या पाचव्या खुर्चीवर त्यांनी एक खास दिवा बांधला. पुढे अंबर, दोन पदरी, कडेला किंचित गुलाबी. स्वतः खुर्चीत बसून, हातात आरसा धरून, तीनदा खाली-वर करून कोन ठरवला. त्या दिव्यात गोणपाटही देखणं दिसलं असतं. बाईंना तिथं बसवायचं, खटका दाबायचा, आणि मग विचारायचं, असा बेत.

बाई ठरल्या वेळेच्या पाव तास आधी आल्या. काका तेव्हा दिव्यांच्या खोलीत आरशासमोर भांग पाडत होते. बाहेर पावलं वाजून थांबली म्हणून धावत गेले, तर बाई रंगमंचाच्या कडेला उभ्या होत्या आणि समोर चाळीस काळ्या कुंड्या.

"जाळलीत?" बाई हळूच म्हणाल्या.

काकांची बोबडी वळली. त्यांना तांबडा, निळा, ताई, लालू, पाहुण्याचं ताट, सगळं एकदम सांगायचं होतं आणि त्यातलं काहीच नीट बाहेर पडेना. शेवटी ते एवढंच म्हणाले, "हात लावून बघा."

बाईंनी जास्वंदीचं पान धरलं. मग काडी वाकवून बघितली, ती ताठ उभी राहिली. मग दुसरी, मग नेच्याचे शेंडे, मग मातीत बोट. त्या एकेका कुंडीशी वाकत निघाल्या आणि काका मागे मागे, लाल-निळ्याच्या जेवणाचं तुकड्यातुकड्यानं सांगत. सतराव्या कुंडीशी त्यांनी पांढरा दिवा लावायला सांगितला. काकांनी लावला. आणि सगळी बाग एकदम हिरवी झाली, खरी हिरवी, गडद, तुकतुकीत, जास्वंदीच्या तीन कळ्यांसकट. काकांना कळ्या माहीतच नव्हत्या. जांभळ्यात दिसल्याच नव्हत्या, प्रयोगाच्या हिरव्यात पानांत मिसळून गेल्या होत्या.

बाई मटकन पाचव्या खुर्चीत बसल्या, त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. काकांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच बाहेर उडी मारून नाचायला लागला. हीच वेळ. त्यांनी पांढरा बंद केला आणि अंबरच्या खटक्याकडे हात नेला.

"अहो, काय करता," बाई म्हणाल्या. "किती वाजलेत? त्यांची जेवायची वेळ आहे ना? त्यांचा तो घाणेरडा जांभळा लावा परत."

काका खटक्यापाशी थिजले. बारा दिवस तपश्चर्या केलेला अंबर एकीकडे, चाळीस भुकेली झाडं एकीकडे. आणि जांभळ्यात अंबर मिसळता येत नाही, दोन्हींचा चिखल होतो. त्यांनी जांभळा लावला आणि येऊन सहाव्या खुर्चीत बसले. बाईंकडे पाहिलं. गाल जांभळे, ओठ काळे, डोळ्यांभोवती दोन खड्डे. चौतीस वर्षांत त्यांनी इतक्या वाईट उजेडात कुणाला बसू दिलं नव्हतं. बोलायचं पाठ केलेलं सगळं पुसून गेलं.

"मी कशी दिसते यात?" बाईंनी विचारलं.

"वांग्यासारख्या," काका म्हणाले. तोंडातून खरं निघून गेलं ते गेलंच.

बाई हसायला लागल्या, अशा की रिकाम्या थिएटरच्या मागच्या भिंतीवरून हसू परत आलं. मग काकाही सुटले. दोघं काळ्या झाडांसमोर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत बसले. थांबल्यावर काकांनी विचारून टाकलं की नाटकाचे चाळीस प्रयोग झाल्यावर, झाडं गेल्यावर, बुधवारचं काय करायचं.

बाईंनी डोळे पुसले. "माझ्याकडे सकाळी सातला ऊन येतं," त्या म्हणाल्या. "त्यात सगळेच रंग असतात, कुणाला काही लावावं लागत नाही. तुम्ही कधी सकाळचे सात पाहिलेत?"

काकांनी पाहिले नव्हते. प्रयोग संपून घरी येऊन जेवणाऱ्याला सातला कुठली जाग. पण दुसऱ्याच दिवशी, गुरुवारी, साडेपाचलाच ते उठले, ताईच्या चपला घालून निघाले, जिन्यातून परत येऊन बदलल्या, आणि सात वाजता रोपवाटिकेच्या फाटकाशी हजर झाले. दहापर्यंत त्यांनी रोपांच्या पिशव्या उचलल्या, पाण्याचा पाइप दोनदा स्वतःवर सोडला, चहा घेतला आणि बाईंनी दाखवलेल्या शंभर-सव्वाशे जातींपैकी एकीचंही नाव लक्षात ठेवलं नाही.

घरी आले तेव्हा नाक उन्हानं लाल झालेलं आणि खिशात माती. ताई दारातच उभी होती.

"मग? आज तरी ठरला का त्यांचा रंग? कुठला दिवा टाकलास?"

काकांनी आठवून पाहिलं. बाईंचं बोलणं आठवलं, हसणं आठवलं, कपाळावरचा मातीचा पुसट डागही आठवला. उजेडाचं काही केल्या आठवेना.

"बघायचं राहिलंच," काका म्हणाले.

चष्मा पुसायचं सोडून ताईनं त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि हळव्या आवाजात सांगितलं की जा, आधी नाकाला काहीतरी लाव.